एका नावावर दोघी

भिंतीवरच्या त्या काळ्या पाटीनं मला न्हाय म्हनलं. भांडून न्हाय. आवाज गोड हाय तिचा, शाळंत नव्या आलेल्या बाईवानी. कृपया पुन्हा प्रयत्न करा, असं म्हनली आन् कडंनं लालभडक झाली. म्या डोईवरचा पदर मागं सारला, नाकातली चमकी पुसली, पुन्यांदा तोंड फुडं केलं. काचंत माझंच तोंड दिसत व्हतं, गोल चौकटीत अडकल्यालं, हिरीत वाकून बगितल्यावर दिसतं तसं. म्या जरा हसून बगितलं. हसल्यावर कंडक्टर सोडतो, पोलीस सोडतो, म्हनलं ही बी सोडंल. न्हाय सोडलं. मागं बायांची रांग लागल्याली, भोंगा व्हयाला आलता, कुनीतरी म्हनलं, “मथुराबाई, सरका की जरा, आमची हजेरी जाईल.” म्या सरकले. माझ्या मागची आली, पाटी हिरवी झाली, तिचं नाव घिऊन नमस्कार म्हनली. तिच्या मागचीला बी नमस्कार. म्या कडंला हुबं ऱ्हाऊन गालावरनं हात फिरवला. समदं जागच्या जागी व्हतं. नाक, हनवटी, ल्हानपनी शेळीनं शिंग मारलं ती भुवईवरली खाच. त्या खाचंची म्या नातीला वाघाची गोष्ट सांगितलीया. वाघाचा एक दात माझ्या भुवईत ऱ्हायला, आन् आता तो बोळका वाघ बालाघाटात गवत खाऊन दिस काढतोय. नात खरं मानती. पाटी काय गोष्टी ऐकनाऱ्यातली न्हवं.

धुळाप्पा मुकादम हळूच जवळ आला. चोरून बोलायचं असलं का तो आभाळाकडं बगत बोलतो. म्हनला, “वहिनी, तुमी घरी जावा. धाकटीला लावून द्या. तिच्याच तोंडाला वळखतीया ती.”

“आन् माझ्या तोंडाला काय झालं?”

“तोंडाला काय न्हाय झालं. पाटीत तुमच्या नावाफुडं तिचं तोंड हाय.”

म्या हसले. हसायचंच व्हतं ते. घरी जाताना पार ईट गावच्या चौकापतुर म्या हसत गेले. दुकानाच्या काचंत एक म्हातारी माझ्यासंगं चालत व्हती. म्या थांबले, ती बी थांबली. मला वाटलं, हिला आता कुनीतरी इचारायला पायजे, बाई तू कोन.

आमची डेअरी ईटच्या भायेर, भूमच्या रोडला. दुधाचा खवा करत्यात, आन् मोठ्या कढया, मोठ्या भट्ट्या, उन्हाळ्यात तर आत जावं तर भाकरीवानी भाजून भायेर यावं. हजेरीत नाव मथुराबाई, म्हंजी म्या. पन कामाला आमी दोघी. म्या आन् माझी धाकली जाऊ अयोध्या. एक दिस म्या कढईमागं, ती घरी शेळ्यांमागं. दुसऱ्या दिशी ती कढईमागं, म्या शेळ्यांमागं. माझ्या धाकल्या पोराच्या बाळतपनात सुरू झालं ते. अयोध्या नवी नवरी, हातावरची मेंदी गेली नव्हती, सासू म्हनली जाऊन यी थोरलीच्या जागी, जागा जायाला नगं. गेली. म्या बाळतपनातनं उठले तर तिला तिथली गोडी लागल्याली. तिला मोडवंना, मला सोडवंना. धुळाप्पा तवा नवा मुकादम, मिशी बी धड फुटली नव्हती. म्या त्याला इचारलं, आता कसं करायचं. तो म्हनला, “मला कढई हलती पायजे. हलवनारी कोन हे कढई इचारत न्हाय, मंग म्या कशाला इचारू.” तवापसनं ते तसंच. एकच टोपी, एकच आयपरन. डेअरीत तिला बी मथुराबाईच म्हनत्यात. थोरली मथुराबाई, धाकटी मथुराबाई. कुनाला त्यात वावगं वाटलं न्हाय. वाफंत कुनाला तोंड नसतंय. वाफंत नुस्ते हात असत्यात, उलथन्याचा दांडा धरल्याले, गरागरा फिरनारे, आन् एक आवाज. आवाज माझा असला का बाया हसत्यात. एकदा वाफ इतकी दाटली, म्या सांगत असते, का एका बाईनं भिंत समजून वाफंलाच पाठ टेकली आन् दुपारची झोप काढली. एकदा खवा इतका घट्ट झाला का धुळाप्पाची सायकल त्यात रुतली, कुऱ्हाडीनं तोडून काढली, आजून तिची घंटी वाजवली का माशा गोळा व्हत्यात. धुळाप्पा आयकून न आयकल्यावानी करायचा. त्याच्या सायकलीला घंटीच नव्हती.

मंग औंदा अर्पिता म्याडम आल्या. लातूरच्या हायत, भूमला खोली घिऊन ऱ्हात्यात, एचआर म्हनं. म्हंजी काय, तर त्यांनीच सांगितलं, मानसांचं बगायचं खातं. लई वरीस दुधाचं बगायचं खातं व्हतं, म्हशीचं बगायला डाक्टर व्हता, मानसांचं बगायला कुनी नव्हतं, म्हून आमाला कवतिक वाटलं. त्यांनी समद्यांना जेवनाच्या हालमधी बसवलं, पडद्यावर चित्रं दावली. डेअरी आता डिजिटल व्हनार. हजेरी डिजिटल, सुट्टी डिजिटल, दुखनं आलं तर ते बी फोनात दाबून सांगायचं. “बदलाला घाबरायचं नाही,” त्या म्हनल्या, “सगळं माणसासाठीच आहे. माणूस मधोमध.” पडद्यावर मधोमध खरंच एक मानूस काढला व्हता, निळा, त्याला तोंड नव्हतं. म्या बाजूच्या बाईला म्हनलं, ह्यो वाफंतनं आलाय. ती इतकी हसली का म्याडमनी वळून बगितलं. त्या बी हसल्या. ल्हान पोरीवानी नखं खाल्ल्याली त्यांची, म्या तवाच बगितलं. मला बरी वाटली ती पोरगी. आजून बी वाटती.

पाटीत समद्यांची तोंडं भरायचा दिस आला तवा म्या येरमाळ्याला. येडाईची चैत्री पुनव, चुनखडी वेचाया आमच्या घरातनं थोरलीनं जायाचं असतंय, सासूनं लावून दिल्याली रीत हाय. रानात हजारो मानसं वाकल्याली, पांढरे खडे वेचत्याली, समद्यांच्या पाठी उन्हात एकसारख्या. म्या तिथं खडं वेचत व्हते आन् इकडं म्याडम हाका मारत व्हत्या. मथुराबाई, म्हनल्या. आन् अयोध्या उठली. नंतर म्या तिला इचारलं, तू उठलीसच कशी. ती म्हनली, “मथुराबाई म्हनलं का म्या उठतीच, अक्का. येवढ्या वरसात कवा बसून ऱ्हायले का?” तिचं बी खरं. तिथं बसून ती न्हाय म्हनली असती तर काय म्हनली असती? ती गेली, काचंफुडं बसली, डावीकडं बगा म्हनलं बगितलं, उजवीकडं बगा म्हनलं बगितलं, डोळे मिटा, उघडा. हातात एक पेढा दिला. पेढा तिनं घरी आनला आन् आमी आर्धा आर्धा खाल्ला. काय खातोय ते ठावं नव्हतं.

पाटीनं न्हाय म्हनलं त्याच्या दुसऱ्या दिशी म्या म्याडमच्या खोलीत गेले. एसीच्या गारठ्यानं माझ्या अंगावर काटा आला, भट्टीची सवय असल्याल्या अंगाला गार सोसत न्हाय. म्या समदं सांगितलं. बाळतपन, मेंदी, एक टोपी, येरमाळा, पेढा. जिंदगीत पैल्यांदा येक शब्द पदरचा न घालता. म्याडम आयकत गेल्या, मंग त्यांच्या व्हटाची कड हालाया लागली, मंग त्यांनी टेबलावर हात मारला.

“मावशी, तुमच्या गोष्टी सगळ्यांनी सांगितल्यात मला. ती वाफेला टेकून झोपलेली बाई. ही पण भारी आहे. एका नावावर दोघी.”

“म्याडम, ही गोष्ट न्हाय.”

“तेच तर. सांगताना तुम्ही हसतच नाही.”

म्या तिथंच हुबी. म्या काय बी सांगावं आन् लोकांनी खरं मानावं, ह्याचीच मला मजा वाटायची. धुळाप्पाची सायकल खव्यात रुतवली तवा नवी पोरं सायकल बगाया गेली व्हती. आन् आता चिमूटभर खरं हातावर घिऊन हुबी तर त्याला कुनी हात लावंना. म्या म्हनलं, उद्या दावते. आन् दुसऱ्या दिशी जेवनाच्या सुट्टीत अयोध्याला हाताला धरून दारात हुबं केलं. दोघींच्या अंगावर शेळ्यांचा वास. दोघींच्या उजव्या तळहाताला उलथन्याचा घट्टा, सारखाच. म्याडमनी हिच्याकडं बगितलं, माझ्याकडं बगितलं, फोनातल्या फोटूकडं बगितलं. पेनाचं टोपन काढलं, घातलं, काढलं.

“कुणाकुणाला माहीत आहे हे?”

“समद्यांना,” म्या म्हनलं. “म्हशींना बी.”

त्या हसल्या न्हाईत. मंग पोरीनं मला नीट समजावून सांगितलं, खोटं कशाला बोलू, नातीनं सांगावं तसं सांगितलं. तोंड बदलायचं म्हनलं का पुन्याच्या मोठ्या हाफिसाला कळवाया लागतं. तिथं कारन ल्ह्यावं लागतं. कारन ल्हिलं का चौकशी. चौकशीत आमी दोघी जानार, धुळाप्पा जानार, आन् न इचारता तोंड भरलं म्हून म्याडमचं बी काय खरं न्हाय.

“मंग कारन लिवू नगा.”

“रिकामं सोडलं तर ते पुढंच जात नाही, मावशी.”

“तुमचं मानसांचं बगायचं खातं हाय की. मानूस फुडं हुबा हाय. बगा की.”

“मी बघतेय,” त्या म्हनल्या. “मी बघून चालत नाही.” आन् मंग खाली बगून म्हनल्या, “सगळ्यांचे चेहरे भरून झाले की माझं टेबल पण उचलणार आहेत इथून. मग जे काय ते फोनवरच.” अयोध्यानं त्यांच्या टेबलाला हात लावून बगितला, जसं काय ते आताच कुनी उचलनार व्हतं.

तवापसनं अयोध्या रोज जाया लागली आन् म्या घरी. दिसाआड शेळ्या राखनं येगळं, रोज शेळ्या राखनं येगळं. दिसाआड असताना मला रानात बसून उद्याच्या गोष्टी सुचायच्या, उद्या बायांना काय सांगू, कुनाला कशात बुडवू, कुनाला कुठं उडवू. आता उद्याच नव्हता. म्या बोरीखाली बसायची आन् हात आपसुक फिराया लागायचा, उजवा हात, गोल गोल, दांडा नसताना. एक शेळी थांबून बगायची. म्या तिला म्हनायचे, काय बगतीस, वळखतीस का. माझं नाव तकडं कामाला गेल्यालं, म्या हिकडं बिननावाची. सकाळी पाटी नमस्कार मथुराबाई म्हनत आसंल तवा मला इथं कसलीतरी उचकी लागती, असं बी मला वाटायचं. खोटं आसंल. पन उचकी लागायची. माझा फंड माझ्या नावानं साठत व्हता, माझी रजा माझ्या नावानं वाडत व्हती, आन् त्यातलं कायबी माझ्या अंगाला लागत नव्हतं. बँकंत पगार माझ्याच नावावर यायचा. म्या जाऊन काढायचे आन् अयोध्याच्या हातात ठिवायचे. ती म्हनायची, “अक्का, निम्मा तुमचा.” म्या म्हनायचे, कशाचा. आन् दोघी बी मंग चुलीकडं बगत बसायचो.

सांजच्याला ती आली का घरात खव्याचा वास शिरायचा. आगुदर दोघींना बी तोच वास यायचा म्हून कळत नव्हता. आता मला कळाया लागला. गोड, जरासा करपल्याला, केसात मुरल्याला. ती पाय धुवून बसायची आन् बोलायची. लई बोलाया लागली व्हती. आदी गरीब व्हती ती बोलन्यात, तिच्या कामाच्या दिशी भट्टीवर सामसूम असायची. एक दिस म्हनली, “अक्का, आज म्या त्यांना भिंतीची सांगितली. वाफंची. लई हसल्या.” म्या म्हनलं, बरं केलंस. “त्याच म्हनल्या, मथुराबाई कायतरी सांगा. थोरलीचं सांगा म्हनत्यात. मंग म्या सांगितलं. धुळाप्पाच्या सायकलीला म्या घंटीबरूबर दिवा बी लावला.” दिवा. मला तो दिवा लई दिस खुपला. त्या सायकलीला दिवा बसत न्हाय, खव्यात बुडल्यावर दिवा दिसतो कसा, गोष्टीला बी काय कायदा असतो का न्हाय. म्या तिला ते बोलले न्हाय. ती म्हनली, “आन् सकाळी ती पाटी नमस्कार म्हनती ना, अक्का. कुनी करतं का आपल्याला नमस्कार सकाळच्या पारी. लई बरं वाटतंय.” म्या तिच्या तोंडाकडं बगितलं. जे पुन्यापतुर गेलं, तेच हे तोंड. गोल, गव्हाळ, डाव्या गालावर तीळ. मला येकदम वाटलं, मथुराबाई म्हंजी अशीच असावी. ह्या नावाला हेच तोंड शोभतंय. माझं तोंड त्या नावाला कायम जरा मोठंच व्हत व्हतं.

समृद्धी, माझी नात, मला म्हनायची, आजी गोष्ट सांग. म्या सुरू करायची आन् मधीच थांबायची. मला कळायचंच न्हाय का ही म्या सांगितलीया का अयोध्यानं. पोरगी म्हनायची, धाकट्या आजीच्यात दिवा व्हता. म्या म्हनायचे, मंग तिच्याकडंच जा. पोरगी जायाची. खरंच जायाची.

पावसुळ्याच्या तोंडाला अर्पिता म्याडम घरी आल्या. उकिरड्यापाशी स्कुटी लावली, शेळीनं त्यांची वढनी चावली, त्यांनी सोडवून घेतली. च्या पिला. म्हनल्या, मार्ग काढलाय. भरनीच्या हालमधी ठेक्यावर बाया घेनार हायत, डबे भरायला, लेबल चिकटवायला. नव्या मानसाची कुनी चौकशी करत न्हाय, नाव सांगायचं, तोंड दावायचं, झालं. “आधार अयोध्याताईंचं लावू. चेहरा तुमचा. म्हणजे दोघींचं सुटेल. कुणाला काही कळणार नाही, कागद सगळे बरोबर.” लई दिसांनी त्यांच्या तोंडावर कळा आल्याली. त्यांनी रात रात ह्याचाच इचार केला आसनार, माझ्यासारख्या म्हातारीचा, हे बी मला दिसत व्हतं. म्हून माझ्यानं न्हाय म्हनवंना.

“म्हंजी म्या अयोध्या.”

“फक्त आत असताना, मावशी.”

“मंग मथुराबाई कोन?”

म्याडम गोंधळल्या. “त्या आहेतच की,” म्हनल्या. “रोज हजर असतात.”

अयोध्या चुलीपाशी बसल्याली. तिनं काटकी फुडं सारली. तिला बी कुनी इचारलं न्हवतं, नाव देतीस का. पन तिच्या तोंडाला आता दुसरं नाव असल्यावर जुनं पडूनच व्हतं, लुगडं पेटीत पडून ऱ्हातं तसं. म्या म्हनलं, बरं.

तोंड भरायला आता मला बसवलं. डावीकडं बगा. उजवीकडं बगा. म्या बगितलं. कुनी सांगितलं असतं वर बगा तर वर बी बगितलं असतं. पेढा दिला. म्या तिथंच खाल्ला, घरी न्हेला न्हाय. नव्या बायांना लाल टोपी, कायमच्यांना हिरवी. अयोध्याच्या डोईवर हिरवी. भट्टीकडं लालवाल्यांनी जायाचं न्हाय, तिथं भाजतंय, जबाबदारी कुनाची. भरनीचा हाल गार, उजेड पांढरा, समद्यांची तोंडं लख्ख दिसत्याली. तिथं उलथनं न्हाय, डबा येतो पट्ट्यावरनं, तेवढं झाकन दाबायचं. बायांनी पैल्या दिशी थट्टा केली, “या अयोध्याबाई, नव्या नवरीवानी लाजू नगा.” म्या बी हसले, नवरीवानी पदर घिऊन दावला. दुसऱ्या दिशी थट्टा कमी झाली. मंग त्या सरळ अयोध्याबाई म्हनाया लागल्या, कारन क्यामेऱ्याला कान बी हायत असं कुनीतरी सांगितलं व्हतं, आन् सवय व्हायाला मानसाला काय येळ लागतो. धुळाप्पा आभाळाकडं न बगता बोलाया लागला. म्या तिथं गोष्टी सांगत न्हाय. गोष्टी मथुराबाईच्या. कुनी अयोध्याला सांग म्हनत न्हाय.

मंग एक दिस रांगंत माझ्या मागं आमची जाऊच व्हती. म्या पाटीफुडं गेले, तोंड गोलात बसवलं, आन् पाटी लगीच हिरवी झाली. नमस्कार, अयोध्या. पैल्या झटक्याला. इतक्या वरसात मला कुनी इतक्या बेगीन वळखलं नव्हतं. म्या तशीच हुबी ऱ्हायले, काचंतल्या बाईकडं बगत, ती काय म्हनती का ते बगत. मागं रांग. ठेक्याचा सायब कडंला हुबा, हातात फोन. आन् मागनं आवाज आला, “अयोध्ये, हो की फुडं.”

तिनं मला जलमात कवा तू म्हनलं नव्हतं. लगीन हून आली त्या दिसापसनं अक्का, तुमी, व्हय, जी. म्या वळून बगितलं. तिनं डोळ्यानं सायबाकडं दावलं, म्हंजी बगा की अक्का, काय करू. म्या फुडं झाले. माझ्या मागं पाटी म्हनली, नमस्कार, मथुराबाई, आन् आमची जाऊ हळूच नमस्कार म्हनली पाटीला.

सांजच्याला घरी आलो. तिनं चूल पेटवली, म्या शेळ्या बांधल्या, हातपाय धुतले, समृद्धी ओट्यावर अभ्यास करत बसल्याली. भाकरीचा वास सुटला. बरं वाटत व्हतं, म्हनलं आता भायेरचं समदं भायेर. आतनं चुलीपासनं अयोध्या म्हनली, “अयोध्ये, ताटं घे की.”

समृद्धीनं पुस्तकातनं मान वर केली. पैल्यांदा हसली, मंग हसायची थांबली आन् माझ्याकडं बगाया लागली. आत तव्यावर भाकरी करपाया लागली तरी अयोध्यानं ती उलथली न्हाय. तिला कळलं व्हतं. तिनं तोंडावर हात ठिवला आसंल. म्या म्हनलं आता कायतरी सांगावं. एका गावात दोन जावा व्हत्या, आन् त्या एकमेकींच्या तोंडानं भाकरी खायाच्या, असं कायतरी, पोरगी हसंल, आतली बी हसंल, आन् हे सरंल. म्या तोंड उघडलं. काय सुचंना. कुनाची गोष्ट हाय तेच कळंना. म्या तिच्यावर खेकसनार व्हते, का थोरलीला हाक मारायची ही काय रीत हाय. पन म्या कवाच उठले व्हते, आन् ताटं माझ्या हातात व्हती.